रिफ पेजचा, शब्द डिक्सनचे, आणि गिटार?

गोऱ्या पोरांनी काळ्यांचं संगीत ढापलं, हे वाक्य रॉकच्या इतिहासात इतक्या वेळा म्हटलं गेलंय की आता त्याने कोणी दचकत नाही. त्यावरचं उत्तरही तितकंच गुळगुळीत झालंय: ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचं लोकसंगीत, तिथे सगळेच एकमेकांचं उचलत आले, मग लेड झेपलिनसारख्या एखाद्याच इंग्रज रॉक बँडला बोल कशाला? मला हे दोन्ही पक्ष अर्ध्या वाटेत थांबलेले वाटतात. पहिल्याला घेणं आणि लपवणं यातला फरक दिसत नाही. दुसरा परंपरेचा हवाला देतो, पण मानधनाचा कागद समोर आला की परंपरा विसरतो. आणि मूळ तबकडीवर गिटार कोण वाजवतंय, याची फिकीर दोघांनाही नसते.

तबकडी मडी वॉटर्सची. गाणं 'यू नीड लव्ह', साल १९६२, शहर शिकागो, कंपनी चेस रेकॉर्ड्स, रचना विली डिक्सनची.

मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावरून शिकागोला आला. दक्षिणेतून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघालेल्या लाखो काळ्या माणसांपैकी तो एक. मळ्यावर साध्या गिटारवर भागत होतं. शिकागोच्या गुत्त्यांमधल्या गलक्यात ती ऐकूच येईना, तेव्हा त्याने इलेक्ट्रिक गिटार धरली. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे ताणला की सूर फाटतो. शिकागोच्या वादकांनी तो फाटका सूर झाकला नाही, उलट गाण्यात मुरवला. रॉकने पुढे जो आवाज आपला म्हणून मिरवला, त्याचं बरंचसं भांडवल या गुत्त्यांमधलं आहे. १९५० साली मडीने 'रोलिन स्टोन' नावाचं गाणं केलं, आणि बारा वर्षांनी लंडनच्या काही पोरांनी आपल्या बँडचं नावच त्यावरून ठेवलं.

विली डिक्सन हा चेसच्या स्टुडिओतला आधारस्तंभ. धिप्पाड माणूस, तरुणपणी मुष्टियोद्धा. १९३७ साली इलिनॉयमध्ये गोल्डन ग्लव्ह्ज स्पर्धा जिंकलेला. पुढे डबल बेस वाजवू लागला आणि गाणी लिहू लागला. 'हूची कूची मॅन', 'स्पूनफुल', 'लिटल रेड रूस्टर', 'बॅक डोअर मॅन' ही सगळी त्याचीच. एका माणसाने लिहिलेल्या गाण्यांवर साठच्या दशकातल्या निम्म्या इंग्रज बँडांचं पोट भरलं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

ऑक्टोबर १९६९ मध्ये लेड झेपलिनची दुसरी तबकडी आली. तिच्यातलं पहिलं गाणं 'होल लॉटा लव्ह'. जानेवारी १९७० मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकावर पोचलं. इंग्लंडमध्ये याच गाण्याची सीसीएस या बँडने केलेली आवृत्ती बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमाची ओळखधून बनली, म्हणजे दर आठवड्याला घरोघरी ती वाजायची. लेबलवर रचनाकार म्हणून बँडमधलीच चार नावं होती: गिटारवादक पेज, गायक प्लँट, जोन्स, बॉनम. डिक्सनचं नव्हतं.

दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत. शब्दांचा सांगाडा एकच: तुला आत खोलवर प्रेमाची भूक आहे, मी तुला गंडवत नाहीये, तुला शिकवायची गरज आहे. काही ओळी तर शेजारी शेजारी ठेवल्या तर जुळी भावंडं वाटतात. गाताना शब्द कुठे तोडायचा, कुठे ओढायचा, ही ढबसुद्धा मडीकडून आलेली, आणि तीही थेट नाही. मध्ये १९६६ साली स्मॉल फेसेस या इंग्रज बँडने 'यू नीड लव्हिंग' केलं होतं. त्यावर स्टीव्ह मॅरियट आणि रॉनी लेन यांनी आपलीच नावं घातली होती. प्लँटच्या गळ्यातला आर्जव आणि किंकाळी ऐकली की मॅरियटची आठवण येतेच. म्हणजे डिक्सनचं नाव एकदा नाही, दोनदा गळालं.

पण तो रिफ? तो जिमी पेजचाच. गाण्याचा कणा असलेली गिटारची ती दांडगी ओळ मडीच्या तबकडीत कुठेही नाही. मधला तो विचित्र पट्टाही नाही, जिथे थेरेमिन हे हात न लावता वाजणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य विव्हळतं, फक्त ड्रम उरतात आणि आवाज एका कानातून दुसऱ्या कानात भिरभिरतो. तो पेज आणि ध्वनिमुद्रक एडी क्रेमर यांचा पराक्रम. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण 'सगळंच चोरलं' असं म्हणणारे कान बंद ठेवून बोलतात. 'होल लॉटा लव्ह' हे नवं गाणं आहे, आणि कुठल्याही कायद्याने ते जन्मायच्या आधी अडवलं असतं तर संगीताचं नुकसान झालं असतं. माझी तक्रार फक्त लेबलवरच्या कंसातल्या नावांबद्दल आहे.

आता दुसऱ्या पक्षाचा मुद्दा, आणि तो कच्चा नाही. ब्लूज उसनवारीवरच जगला. मडीचं 'रोलिन स्टोन' हे 'कॅटफिश ब्लूज'चं रूप, आणि ते रॉबर्ट पेटवेने १९४१ मध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं. मडीच्या 'रोलिन अँड टंबलिन'ची वंशावळ १९२९ सालच्या हॅम्बोन विली न्यूबर्नपर्यंत जाते. खुद्द डिक्सनने लिटल वॉल्टरसाठी केलेलं 'माय बेब' हे 'धिस ट्रेन' या जुन्या भक्तिगीताच्या चालीवर बेतलेलं. मग डिक्सनला दाद मागायचा काय अधिकार?

अधिकार आहे, आणि तो मिळाला कुठून हे बघण्यासारखं आहे. गुत्त्यात एक गवई दुसऱ्याची ओळ उचलतो, तिसरा त्याची उचलतो, तोवर कोणाच्याच नावावर काही चढलेलं नसतं आणि कोणाला काही मिळतही नसतं. ज्या क्षणी तुम्ही गाण्याखाली चार नावं टाकून त्याची नोंदणी करता, त्या क्षणी तुम्ही त्या व्यवहारातून बाहेर पडता. आता ते गाणं खासगी मालमत्ता झालं. रेडिओवर वाजलं की पैसे, जाहिरातीत वापरलं की पैसे, आणि दुसऱ्या कोणी उचललं तर वकिलाची नोटीस. घेताना 'हे सगळ्यांचं' आणि विकताना 'हे आमचं', असं दोन्हीकडून चालत नाही. हाच न्याय डिक्सनलाही लावावा लागतो: 'माय बेब'वर त्याने आपलं एकट्याचं नाव घातलं तेव्हा त्यानेही तेच केलं. फक्त त्याच्या आणि झेपलिनच्या कमाईत आकाशपाताळाचं अंतर होतं.

'तेव्हा तशी पद्धतच होती' ही सबबही टिकत नाही. रोलिंग स्टोन्सचं 'लिटल रेड रूस्टर' १९६४ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि रचनाकार म्हणून डिक्सनचं नाव होतं. क्रीम या इंग्रज बँडच्या 'स्पूनफुल'वरही होतं. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे खुद्द लेड झेपलिनने जानेवारी १९६९ च्या पहिल्या तबकडीत डिक्सनची दोन गाणी घेतली, 'यू शुक मी' आणि 'आय कान्ट क्विट यू बेबी', आणि दोन्हींवर त्याचं नाव छापलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या तबकडीत मात्र हात आखडला. डिक्सन कोण, हे या मंडळींना पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. १९६२ साली मँचेस्टरला अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल झाला, तेव्हा डिक्सन व्यासपीठावर होता आणि श्रोत्यांत तरुण जिमी पेज होता.

डिक्सनच्या मुलीने, शर्लीने, हे साम्य वडिलांच्या कानावर घातलं. १९८५ मध्ये खटला दाखल झाला, १९८७ मध्ये कोर्टाबाहेर मिटला, आणि त्यानंतर 'होल लॉटा लव्ह'च्या रचनाकारांत पाचवं नाव आलं. प्लँटने पुढे एका मुलाखतीत ते शब्द उचललेले होते हे मोकळेपणाने कबूल केलं, आणि यशस्वी झालात तरच पकडले जाता, असा शेराही मारला. मला हा शेरा कायद्याच्या शंभर पानांपेक्षा खरा वाटतो. मार खाल्लेल्या गाण्यावर कोणी खटला भरत नाही.

इथे गोष्ट संपवली की सगळ्यांचं समाधान होतं. खलनायक सापडला, भरपाई झाली, नाव लागलं. पण नाव लागल्यावरही पैसा कुठे जात होता?

चेसची गाणी ज्या प्रकाशन कंपनीकडे होती तिचं नाव आर्क म्युझिक. ती चेस बंधू आणि गुडमन बंधू यांची. गाण्यावर लेखकाचं नाव असलं तरी हक्क प्रकाशकाकडे, आणि लेखकाला किती द्यायचं हे प्रकाशकाच्या वहीत. १९७४ मध्ये चेसचाच गायक हाउलिन वुल्फ याने आर्कवर दावा लावला. १९७६ मध्ये मडी आणि डिक्सन यांनीही लावला. १९७२ मध्ये आर्कने 'ब्रिंग इट ऑन होम' या डिक्सनच्या दुसऱ्या गाण्यावरून लेड झेपलिनकडे बोट दाखवलं आणि तडजोड करून घेतली. त्यातलं आपलं काही हाती लागावं म्हणून डिक्सनला आधी आर्कशीच भांडावं लागलं. इंग्रज पोरांना शिव्या घालणाऱ्यांनी हा भाग सोयीने गाळलेला असतो. डिक्सनचा खिसा पहिल्यांदा कापला गेला तो शिकागोतच, दक्षिण मिशिगन अव्हेन्यूवर, त्याच्या स्वतःच्या मालकांकडून.

आता गिटारकडे.

'यू नीड लव्ह'मध्ये मडी वॉटर्स गिटार वाजवत नाही. तो त्या वादकांबरोबर गातही नाही. वाद्यांचा भाग अर्ल हूकर नावाच्या गिटारवादकाने आपल्या साथीदारांसह आधी वाजवून ठेवला, आणि मडीने त्यावर नंतर आवाज चढवला. आज हे सर्रास होतं. तेव्हाच्या ब्लूजमध्ये ही नवलाई होती. तिची सुरुवात झाली ती 'यू शुक मी'पासून. हूकरने १९६१ मध्ये दुसऱ्या एका लहान कंपनीसाठी 'ब्लू गिटार' नावाची, शब्द नसलेली तबकडी केली होती. त्याची स्लाइड, म्हणजे बोटात नळी घालून तारेवर सूर घसरवत वाजवलेली गिटार, तिच्यात अक्षरशः बोलते. चेसने ती फीत घेतली, डिक्सनने तिच्यावर शब्द बसवले, आणि मडी त्या स्लाइडच्या सुरावर सूर ठेवून गायला. तबकडी चालली, म्हणून चेसने हूकरला शब्द नसलेले आणखी काही तुकडे वाजवायला बोलावलं. त्यातल्याच एकाचं 'यू नीड लव्ह' झालं.

'यू शुक मी'ची चाल, म्हणजे गळ्यातून येणारी चाल, ही हूकरच्या बोटांनी आधीच वाजवलेली होती. रचनाकार म्हणून नावं मात्र डिक्सन आणि जे. बी. लेनॉयर यांची. लेबलवर गायक मडी वॉटर्स. हूकर कुठेच नाही.

१९६८ मध्ये इंग्रज गिटारवादक जेफ बेकने हे गाणं केलं, रॉड स्टुअर्ट गायला, आणि ऑर्गनवर होता जॉन पॉल जोन्स, जो काही महिन्यांत झेपलिनमध्ये गेला. मग झेपलिनने केलं. त्यात प्लँटचा गळा आणि पेजची स्लाइड एकमेकांना चिकटून, एकाच सुरात चालतात. ऐकणाऱ्याला वाटतं, काय हा गवई-वादकाचा मेळ! हा मेळ आला कुठून? एका माणसाने आधी गिटारवर गाणं गायलं होतं आणि दुसऱ्याला त्याच्यावर आवाज बसवायला सांगितलं होतं, यातून. शिकागोतली ती काटकसर पुढे रॉकमध्ये शैली म्हणून वावरली. तुम्ही मला विचाराल, इलेक्ट्रिक ब्लूजमधून रॉकने नक्की काय घेतलं, तर मी शब्द आधी सांगणार नाही. मी सांगेन, गिटारला गळा द्यायचं कसब. त्या कामात हूकर हा अव्वल माणूस होता. बी. बी. किंगसारखा वादक त्याला मानायचा.

एप्रिल १९७० मध्ये हूकर क्षयाने गेला. वय चाळिशीच्या आसपास. 'होल लॉटा लव्ह' बिलबोर्डवर गाजून जेमतेम काही महिने झाले होते.

डिक्सनला पंधरा वर्षांनी का होईना, कोर्टाचं दार ठोठावता आलं. हूकर जगला असता तरी त्याला ते जमलं नसतं, कारण कायद्याच्या लेखी गाणं म्हणजे कागद. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याखाली सरकारदरबारी जमा व्हायची ती स्वरलिपी आणि शब्द. स्लाइडची घसरण, तारेवरचा कंप, अ‍ॅम्पची धार हे त्या कागदावर उतरत नाही. ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं ते फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तेही प्रती काढण्यापुरतं, शिवाय कंपनीच्या मालकीचं. गंमत अशी की पुढे या कागदाचा फायदा लेड झेपलिनलाच झाला. 'स्टेअरवे टू हेवन'ची सुरुवात 'स्पिरिट' या बँडच्या एका रचनेवरून घेतली, असा दावा त्या बँडच्या गिटारवादकाच्या वारशातर्फे लागला होता. २०१६ मध्ये ज्युरीने तो फेटाळला आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने ते कायम करताना सांगितलं की जमा केलेला कागद तेवढाच बघायचा, तबकडी ऐकायची नाही. ऐकायच्या वस्तूबद्दलचा वाद न ऐकता सोडवायचा. निकाल म्हणून तो बरोबर असेलही, पण यातून पहिला बळी कोणाचा जातो हे उघड आहे: ज्याला लिहिता येत नाही, पण वाजवता येतं, त्याचा.

आपल्याकडे बघायला फार लांब जायला नको. १९७२ मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले होते, आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती फीत २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. गाण्याच्या नावापुढे कंसात 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' असं लिहिलंय. सारंगी कोणाची, तबला कोणाचा, हे नावातून कळत नाही. एका शहराचं नाव सगळ्यांच्या वतीने. हिंदी-मराठी सिनेमांच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेल्या गोव्याच्या व्हायोलिनवाल्यांना यात नवल वाटणार नाही. ज्यांच्या करामतीने चाली उजळल्या त्यांची नावं बहुधा श्रेयनामावलीत आलीच नाहीत. ओव्या आणि लावण्यांच्या तबकड्यांवर 'पारंपरिक' हा शिक्का मारून आपणही तेच करत आलोय. गाणाऱ्या बाईने स्वतः जुळवलेलं कडवं त्या शिक्क्याखाली गडप होतं.

२०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात गीतकार-संगीतकारांचा मोबदल्यातला वाटा पक्का झाला, तो लिहून देऊन टाकता येणार नाही अशी तरतूद आली, आणि सादर करणाऱ्या कलाकारांच्या हक्कालाही जागा मिळाली. पुढच्या वर्षी गायकांची संस्था उभी राहिली. चांगलंच झालं. पण त्यानंतरची बरीचशी चर्चा गायक, गीतकार, संगीतकार या तिघांभोवतीच फिरत राहिली. स्टुडिओत दिवसाच्या बोलीवर येऊन एखाद्या गाण्याचं रूप पालटून जाणारा वादक बराच काळ दारातच राहिला.

यावर काहींचा उपाय असा की कायदा आणखी कडक करा, ढबीलाही मालकी द्या. मला हा उपाय रोगापेक्षा वाईट वाटतो. २०१५ मध्ये अमेरिकेत 'ब्लर्ड लाइन्स' या गाण्याच्या खटल्यात ज्युरीने, ते मार्विन गे या गायकाच्या जुन्या गाण्यावरून घेतलं असं मानून, गेच्या वारसांच्या बाजूने कौल दिला. त्या दोन गाण्यांत मुख्यतः ठेका आणि वातावरण सारखं होतं. हा दंडक १९५० मध्ये असता तर मडीचं 'रोलिन स्टोन' पेटवेने अडवलं असतं, आणि बारा-बार (ट्वेल्व्ह-बार) ब्लूजचा सातबारा कोणातरी प्रकाशन कंपनीच्या तिजोरीत पडला असता. त्याचा लाभ हूकरला झाला नसताच. आर्क म्युझिकला झाला असता. मालकी वाढवली की ती मोठ्यांच्याच हाती जाते, हे या सगळ्या इतिहासात पानोपानी दिसतं.

म्हणून उचलायची मुभा राहू द्या. बंधन घालायचं ते श्रेयावर आणि वाट्यावर: ज्याने वाजवलं त्याचं नाव, आणि तबकडी जितकी वर्षं कमावते तितकी वर्षं वाजवणाऱ्याला त्यातला थोडा हिस्सा. एकरकमी बिदागी देऊन विषय मिटवायचा नाही. 'मग शेकडो वादकांचा हिशेब कोण ठेवणार?' असं कंपन्या विचारतात. आज प्रत्येक गाणं किती सेकंद ऐकलं गेलं याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी हे विचारावं, हा मोठा विनोद आहे.

मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये ब्लूज महोत्सव सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी शिकागोचा गिटारवादक बडी गाय येऊन गेला. तो स्वतः साठच्या दशकात चेसमध्ये दुसऱ्यांच्या तबकड्यांवर साथीला वाजवायचा. त्याचं नशीब की तो टिकला, नावारूपाला आला, आणि व्यासपीठावरून मडीचं नाव घेत राहिला. साथीदार जगला तर श्रेय मिळणार आणि चाळिशीत गेला तर नाही, अशी ही व्यवस्था.

डिक्सनने हयातीतच 'ब्लूज हेवन' ही संस्था काढली होती. जुन्या कलाकारांना आपले हक्क परत मिळवायला मदत करणं हे तिचं एक काम. १९९२ मध्ये तो वारला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या पत्नीने, मेरी डिक्सनने, चेसची दक्षिण मिशिगन अव्हेन्यूवरची जुनी इमारतच संस्थेसाठी विकत घेतली. चेसच्या तबकड्यांचा संग्रह मात्र हात बदलत युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीकडे गेला. 'यू शुक मी' आणि 'यू नीड लव्ह' या दोन गाण्यांच्या कलाकारांच्या ओळीत मडी वॉटर्सच्या शेजारी अर्ल हूकर हे नाव बरोबरीने छापायचं, आणि 'यू शुक मी'च्या रचनाकारांत त्याला तिसरी जागा द्यायची, हे युनिव्हर्सलने आणि डिक्सन-लेनॉयरच्या हक्कदारांनी मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे. त्यासाठी कुठल्या न्यायाधीशाने सांगायची वाट बघायचं कारण नाही.